हरकती ऐकणारी सभा : एपीनिकच्या चर्चागटांची वाटचाल

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी फायबरची जोडणी आता बहुधा स्थानिक माणसाकडूनच मिळते. पूर्वी हाच माणूस केबल टीव्हीच्या तारा ओढायचा. आज त्याच खांबांवरून तो इंटरनेट नेतो. त्याच्या ग्राहकाने आपला बाहेरून दिसणारा आयपी पत्ता तपासला, तर पुष्कळदा तो १०३ या आकड्याने सुरू झालेला दिसतो. हा १०३ तिथवर कसा आला याचा माग काढत गेलं, तर आपण न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या एका सभागृहात पोहोचतो. ऑगस्ट २००८ मध्ये तिथे जमलेल्या नेटवर्क अभियंत्यांनी एक प्रस्ताव सहमतीने स्वीकारला. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला येणारा पत्त्यांचा शेवटचा मोठा गठ्ठा बड्या कंपन्यांना घाऊक द्यायचा नाही, त्याचे लहान वाटे पाडून प्रत्येक सभासदाला सारखा वाटा द्यायचा आणि उद्या येणाऱ्या नवख्यासाठीही राखून ठेवायचा, असा तो प्रस्ताव होता. तो कोणत्याही सरकारच्या फर्मानाने आला नव्हता. जे नेटवर्क चालवतात त्यांनीच तो मांडला, त्यावर वाद घातला आणि तो मान्य केला.

ही सभा होती एपीनिकची, म्हणजे आशिया पॅसिफिक नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरची. जगात आयपी पत्ते वाटणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. त्यांपैकी अफगाणिस्तानपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतचा पट्टा एपीनिककडे येतो. संस्थेचं सचिवालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. पण पत्ते कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर द्यायचे हे सचिवालय ठरवत नाही. ते ठरतं तिच्या खुल्या चर्चागटांमध्ये. ‘स्पेशल इंटरेस्ट ग्रुप’ या लांबलचक नावाऐवजी सगळे त्यांना ‘सिग’ म्हणतात. गेल्या पाव शतकात इंटरनेटच्या कारभारात जे काही खरोखर लोकशाही म्हणावं असं घडलं, त्यात या गटांचा वाटा मला फार मोठा वाटतो, आणि आपल्याकडे त्याची दखल जवळजवळ कोणी घेतलेली नाही.

मुळात अशी प्रादेशिक संस्था लागली कशाला? इंटरनेट अमेरिकेत वाढलं आणि सुरुवातीचे पत्तेही तिथूनच वाटले गेले. जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियातून हा व्यवहार चाले. मागेल त्याला भरभरून मिळण्याचा तो काळ होता. एमआयटी या एका संस्थेकडे १८ ने सुरू होणारा अख्खा गठ्ठा आला, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते. चौथ्या आवृत्तीच्या आयपीमध्ये असे गठ्ठे फक्त २५६, आणि एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी. हिशोब कळायला वेळ लागला, पण कळला. ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तांत्रिक दस्तऐवजाने सुचवलं, की वाटपाचं काम निरनिराळ्या खंडांकडे सोपवावं. युरोपने अॅमस्टरडॅमला अशी संस्था आधीच उभी केली होती. आशियाची सुरुवात १९९३ मध्ये टोकियोत एक प्रायोगिक प्रकल्प म्हणून झाली. डेव्हिड कॉनराड यांनी पहिली काही वर्षं तो सांभाळला. माणसं मोजकी, कायदेशीर दर्जा नाही, वर्गणी नाही.

त्या वेळी भारतात इंटरनेट म्हणजे अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं, आणि त्याचं एक ठाणं मुंबईत जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होतं. डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी देशातली पहिली काही विद्यापीठं आणि संशोधन संस्था ई-मेलने बाहेरच्या जगाशी जोडली. .इन या आपल्या देशनामाची व्यवस्थाही कित्येक वर्षं याच संस्थेने पाहिली. सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केल्यावर.

त्याच वर्षी बँकॉकमध्ये एपीनिकची पहिली सभा भरली. ती दोन दिवस चालली, स्वयंसेवकांनी चालवली आणि प्रवेश सर्वांना फुकट होता. खर्चासाठी संस्थांकडून स्वेच्छा देणगी मागितली गेली, लहानांकडून १,५०० डॉलर, मोठ्यांकडून १०,०००. पुढच्या वर्षी रीतसर सभासदत्व आणि शुल्क आलं. टोकियोत मनुष्यबळ चार-पाचाच्या पुढे जाईना, म्हणून नवी जागा शोधली गेली आणि १९९८ मध्ये संस्था ब्रिस्बेनला हलली. पॉल विल्सन महासंचालक झाले आणि २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारले, नोव्हेंबरमध्ये भारताने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा पुरवायची मुभा दिली. एका विश्वासू माणसाच्या शब्दावर चाललेला कारभार आता संस्थांनी, लिहिलेल्या नियमांनी आणि खुल्या चर्चेने चालवायचा होता.

सिगची घडी बसली ती २००० च्या सुमारास. पत्त्यांचं धोरण, रूटिंग (वाहतुकीचे मार्ग ठरवणं), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), इंटरनेट एक्स्चेंज (नेटवर्कं एकमेकांना जोडणारी केंद्रं), आयपीची सहावी आवृत्ती असे वेगवेगळे गट निघाले. त्यांतले बरेचसे काम संपल्यावर किंवा माणसं पांगल्यावर बंद झाले, काही दुसऱ्यात मिसळले. मला हे निकोप वाटतं. आपल्याकडे समित्या एकदा झाल्या की नावापुरत्या तरी जिवंत ठेवल्या जातात. टिकून राहिला आणि सगळ्यांत वजनदार ठरला तो धोरण-सिग. सोबत आपापल्या देशात पत्ते वाटणाऱ्या राष्ट्रीय नोंदणी संस्थांचा गट, पुढे रूटिंगच्या सुरक्षेचा गट आणि सरकारं, कायदा, सार्वजनिक धोरण यांच्याशी सांधा जोडणारा सहकार्य गट.

धोरण-सिगचं काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रस्ताव कोणीही मांडू शकतं, त्यासाठी सभासद असावं लागत नाही. सभेच्या किमान चार आठवडे आधी तो लेखी यावा लागतो: अडचण काय, आजचा नियम काय, बदल काय, त्याचे फायदे-तोटे काय, इतर प्रदेशांत काय चालतं. या चार आठवड्यांत ई-मेलवरून त्याची चिरफाड होते. सभेच्या दिवशी प्रस्तावक मंचावर उभा राहतो, आणि सभागृहात ठेवलेल्या माइकपुढे रांग लागते. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव आणि आपण कुठून आलो ते सांगायचं. प्रश्न, आक्षेप, आकडे. सचिवालयाचे अधिकारी अंमलबजावणीत काय अडेल ते सांगतात, पण बाजू घेत नाहीत. मग अध्यक्ष विचारतात: पाठिंबा कोणाचा, विरोध कोणाचा, तटस्थ कोण. पूर्वी हात वर व्हायचे, आता ऑनलाइन साधनातून दूर बसलेलेही कौल देतात.

पण हे मतदान धरलं जात नाही. अध्यक्षांनी पाहायचं ते विरोधाचं स्वरूप. एखाद्याला प्रस्ताव फारसा आवडलेला नाही, पण तो चालवून घेऊ शकतो, ही किरकोळ हरकत. एखाद्याचं म्हणणं असं, की या नियमाने काहींचं भरून न येणारं नुकसान होईल, ही गंभीर हरकत. पन्नास हात बाजूने असले आणि एकच गंभीर हरकत उत्तराविना राहिली, तर प्रस्ताव परत ई-मेल चर्चेकडे जातो. सहमती झालीच, तर ती सभासदांच्या बैठकीत पुन्हा विचारली जाते, नंतर काही आठवडे अखेरच्या हरकतींसाठी ठेवले जातात, आणि मगच कार्यकारी परिषद शिक्कामोर्तब करते. संथ आहे, कबूल. पण हाच संथपणा लहानांना वाचवतो. बहुमताने ठरवायचं झालं, तर मोठ्या सेवादाराने आपली माणसं आणून बसवली की संपलं.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडाला कधी द्यायचं हे शेतकरी स्वतः ठरवत आणि टंचाईच्या वर्षी तुटीचा भारही मिळून उचलत. आयपी पत्त्यांचीही टंचाईच होती, आणि तिची खरी कसोटी लागली २००७ नंतर.

त्या वर्षी एपीनिकची सभा नवी दिल्लीत भरली, दक्षिण आशियाई नेटवर्क चालकांच्या ‘सॅनॉग’ या परिषदेला जोडून. तिथे एपीनिकचे शास्त्रज्ञ जेफ ह्यूस्टन यांचा ५० क्रमांकाचा प्रस्ताव चर्चेला आला. मुद्दा स्फोटक होता: एका संस्थेकडचे पत्ते दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करायला परवानगी द्यायची का? तोवर पत्ता ही मालमत्ता नाही, गरज असेपर्यंत वापरायचा आणि गरज सरली की परत करायचा, अशीच शिकवण होती. हस्तांतर खुलं केलं तर बाजार उभा राहील, पैसेवाले साठा करतील, आणि जे देश उशिरा आले त्यांना आपल्याच वाट्याचे पत्ते विकत घ्यावे लागतील, ही भीती अनेकांनी बोलून दाखवली. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने ती मुळीच खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की साठा संपल्यावर खरेदी-विक्री होणारच. नियम नसेल तर ती चोरून होईल, आणि कोणता पत्ता कोणाकडे आहे ही नोंदच खोटी पडेल. नोंद खोटी पडली की फसवणूक झाल्यावर कोणाला विचारायचं, रूटिंगमध्ये कोणावर भरवसा ठेवायचा, सगळंच डळमळतं.

वाद सभेमागून सभा चालला. मसुदा पुन्हा पुन्हा बदलला. अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये हस्तांतराचा नियम लागू झाला. पत्ते घेणाऱ्याने गरज सिद्ध करायची त्यातली अट अखेरचा गठ्ठा सुरू होईपर्यंतच होती. २०११ मध्ये दुसऱ्या प्रस्तावाने ती पुढेही कायम ठेवली गेली, कारण अमेरिकेतली नोंदणी संस्था अशा अटीशिवाय खंडाबाहेर पत्ते सोडायला तयार नव्हती. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, की बाजाराची भीती खरी ठरली आणि नोंदीबद्दलचा युक्तिवादही खरा ठरला. पत्त्यांना किंमत आली, ती लहान सेवादाराला जड जाते. पण कोणाकडे काय आहे ही वही मात्र शाबूत राहिली.

हा वाद चालू असतानाच त्या शेवटच्या गठ्ठ्यांची वाटणी ठरत होती. जगाच्या सामाईक साठ्यात पाचच गठ्ठे उरले, की पाच प्रदेशांना एकेक द्यायचा, असं जागतिक धोरण प्रत्येक प्रदेशाच्या सभेत स्वतंत्रपणे मांडलं गेलं आणि पाचही ठिकाणी मान्य झालं. मार्च २००९ मध्ये इंटरनेटची नावं आणि पत्ते यांचा जागतिक समन्वय पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्यावर मोहर उठवली. ज्याची मागणी जास्त त्याला जास्त, हा तोवरचा नियम लावला असता तर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या हाती फारसं काही लागलं नसतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मायामीत ते पाच गठ्ठे वाटले गेले. आशियाची भूक इतकी मोठी, की १५ एप्रिल २०११ रोजीच एपीनिक आपल्या त्या अखेरच्या गठ्ठ्यापर्यंत पोहोचली. पाचांत सर्वांत आधी. आणि त्या दिवसापासून क्राइस्टचर्चला ठरलेला, ६२ क्रमांकाचा प्रस्ताव लागू झाला: कितीही मोठी कंपनी असो, या गठ्ठ्यातून १,०२४ पत्ते, बस्स.

गणित करून पाहा. १ कोटी ६७ लाख पत्ते म्हणजे मोठ्या मोबाइल कंपनीची काही महिन्यांची बेगमी. त्याचेच १,०२४ चे वाटे पाडले तर १६,३८४ होतात. २००८ मध्ये त्या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या कंपन्यांना उद्या पत्ते कमी पडणार होते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ज्यांचा व्यवसाय अजून सुरूही झालेला नव्हता, त्यांच्यासाठी त्यांनी वाटे राखले. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सभेत वाटा आणखी निम्मा, ५१२ पत्त्यांचा करण्यात आला, म्हणजे साठा आणखी काही वर्षं पुरावा. तो अखेरचा गठ्ठा म्हणजेच १०३. आपल्याकडे जिल्ह्या-तालुक्यात सेवा देणारे बहुतेक लहान आयएसपी, म्हणजे इंटरनेट सेवादार, २०११ नंतर उभे राहिले, आणि त्यांच्या हाती स्वतःचे पत्ते आले ते या निर्णयामुळेच.

सगळेच प्रस्ताव असे टंचाईचे नव्हते. १.१.१.१ हा पत्ता लक्षात राहायला इतका सोपा, की जगभरच्या उपकरणांत तो चाचणीसाठी म्हणून बेधडक घातला गेला होता. २०१० मध्ये त्याचा गठ्ठा एपीनिककडे आला तेव्हा दिसलं, की त्यावर कचरा-वाहतुकीचा लोंढा कोसळतोय. कोणत्याही ग्राहकाला तो देणं म्हणजे शिक्षाच. २०१४ मध्ये सभेने तो संशोधनासाठी एपीनिकच्या प्रयोगशाळेकडे सोपवला. पुढे क्लाउडफ्लेअर या कंपनीसोबतच्या सहकार्यातून १ एप्रिल २०१८ रोजी त्याच पत्त्यावर सार्वजनिक डीएनएस सेवा सुरू झाली.

रूटिंगच्या सुरक्षेचं महत्त्व कळायला एक दणका पुरेसा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तिथल्या सरकारी दूरसंचार कंपनीने केलेली रूटिंगची घोषणा देशाबाहेर निसटली आणि सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागातून यूट्यूब दिसेनासं झालं. कोणीही उठून दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून सांगावा आणि शेजाऱ्याने तो मानावा, ही इंटरनेटची जुनी दुखरी जागा. त्यावर उपाय म्हणून पत्त्यांच्या मालकीची डिजिटल प्रमाणपत्रं आली. पण जे पत्ते अजून कोणालाच दिलेले नाहीत, ते चोरून वापरणाऱ्याचं काय? २०१९ मध्ये चियांग माईच्या सभेत १३२ क्रमांकाच्या प्रस्तावावर सहमती झाली: अशा न वाटलेल्या पत्त्यांवर ‘हे कोणाचेही नाहीत’ अशी सही-शिक्क्याची नोंद एपीनिकनेच करावी. सप्टेंबर २०२० पासून ते होऊ लागलं. चूक झालीच तर खऱ्या ग्राहकांना फटका बसू नये, म्हणून या नोंदी वेगळ्या साखळीत ठेवल्या गेल्या. ही सावधगिरी चर्चेतल्या शंकांमुळेच आली.

भारताचं या सगळ्यातलं स्थान मात्र जेवढं हवं तेवढं नाही. २००३ मध्ये निक्सी ही इंटरनेट एक्स्चेंज चालवणारी संस्था स्थापन झाली. देशातली वाहतूक देशातच वळवणाऱ्या तिच्या पहिल्या केंद्रांत मुंबईही होती. २०१२ मध्ये तिच्याच छत्राखाली ‘आयआरआयएनएन’ ही राष्ट्रीय नोंदणी संस्था उभी राहिली, आणि जपान, कोरिया, चीन, तैवान, व्हिएतनाम, इंडोनेशिया यांच्या रांगेत भारत आला. त्याच वर्षी दिल्लीत आशिया-पॅसिफिकच्या नेटवर्क चालकांची मोठी एप्रिकॉट परिषद झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅनॉग मुंबईत भरली. पुढच्याच महिन्यात जिओ सुरू झाली आणि आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या वापरात भारत जगात आघाडीवर गेला. वापर एवढा आणि ग्राहक एवढे, तरी चर्चेच्या माइकपाशी आपल्या लहान आयएसपींचा आवाज विरळ. इंग्रजी हे एक कारण, परदेश प्रवासाचा खर्च हे दुसरं. एपीनिक शिष्यवृत्त्या देते, करोनाच्या काळापासून घरबसल्या सहभागही बराच सोपा झालाय. तरीही प्रस्ताव लिहिणारी, उत्तरं देणारी नावं बरीचशी तीच ती असतात. ज्याच्या गावात नियम लागू होतो, तो माणूस नियम होऊन गेल्यावर त्याबद्दल ऐकतो.

आणि ही व्यवस्था अभेद्य आहे असंही कोणी समजू नये. आफ्रिकेची नोंदणी संस्था न्यायालयीन लढायांत अडकून इतकी खिळखिळी झाली, की तिचं संचालक मंडळच उरलं नाही आणि २०२३ मध्ये न्यायालयाला रिसीव्हर नेमावा लागला. त्याच वर्षी एपीनिकच्या कार्यकारी परिषदेची निवडणूक प्रचारातल्या गैरप्रकारांच्या तक्रारींनी गाजली, आणि सप्टेंबरमध्ये क्योटोच्या सभेत सभासदांनी उपविधीत दुरुस्त्या मंजूर केल्या. पत्त्यांना बाजारभाव आला, की ते वाटणाऱ्या संस्थेवर डोळा ठेवणारेही येतात. त्यांना अडवायला चांगले उपविधी लागतातच; पण त्याहून जास्त गरज आहे ती सभागृह भरलेलं असण्याची.

म्हणून ही विनंती. तुम्ही जालन्यात, कुडाळात, पाचोऱ्यात किंवा फोंड्याला नेटवर्क चालवत असाल, कॉलेजात ते शिकवत असाल, तर धोरण-सिगच्या चर्चेत नाव नोंदवा. त्याला पैसे पडत नाहीत, सभासदत्व लागत नाही, ब्रिस्बेनला जावं लागत नाही. पुढचा प्रस्ताव आला की तो वाचा आणि तुमच्या गावात त्याने काय होईल ते चार साध्या वाक्यांत लिहून पाठवा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत असलं तरी चालेल. हरकत गंभीर असेल तर अध्यक्षांना तिचं उत्तर मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.